सेंट लुईसचे चार दिवस आणि बाबांचा अडकित्ता

सोलापूरहून आई-बाबा आले की आमच्याकडे सगळं ठरल्यासारखं घडतं. पहिला आठवडा झोपेच्या गोंधळात जातो, दुसऱ्यात शिकागो डाउनटाउन उरकतं, तिसऱ्यात देऊळ आणि कॉस्टको. मग एका सकाळी बाबा खिडकीतून समोरच्या लॉनकडे बघत विचारतात, "इथं माणसं राहतात का नुसती गवत कापायची यंत्रं?" यंदा हा प्रश्न दहाव्या दिवशीच आला.

नायगारा मागच्या खेपेला झाला होता. न्यूयॉर्कला आईच्या गुडघ्यांनी आधीच नकार कळवला होता. गाडीने जाता येईल, चार दिवसांत उरकेल आणि माझ्या नऊ वर्षांच्या ईशानपासून त्र्याहत्तरच्या बाबांपर्यंत सगळ्यांचं मन रमेल असं ठिकाण हवं होतं. माझा नवरा समीर म्हणाला, सेंट लुईस. मैत्रिणींना सांगितलं तर एकजात सगळ्यांनी विचारलं, "तिथे काय आहे? ती कमान ना?" खरं सांगायचं तर मलाही तेवढंच माहीत होतं. इतकी वर्षं इलिनॉयमध्ये राहूनही साडेचारशे किलोमीटरवरचं हे शहर मी फक्त हायवेच्या पाट्यांवर वाचलं होतं.

पहिला दिवस : मका आणि लिंकनचं नाक

जुलै २०२५ मधला गुरुवार. डिकीत बॅगा, आईच्या मांडीवर डबा. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. "चार दिवस काय खायचं ते बघू, पण हा डबा असू दे," असं म्हणून तिने तो मागच्या सीटवर ठेवायलाही नकार दिला.

पंचावन्न नंबरच्या हायवेला लागलं की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. पहिला तासभर बाबा खूश होते. एवढी सपाट, एवढी काळी जमीन, मध्ये बांध नाही की बाभळ नाही. दुसऱ्या तासाला त्यांनी तक्रार सुरू केली. "एवढा मका, आणि रस्त्याच्या कडेला एक माणूस कणीस भाजत बसलेला नाही." हा मका बहुतेक जनावरांच्या पेंडीला आणि इथेनॉलला जातो, हे समीरने समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे गाडी पण मकाच खाती." एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, गाडीवर आल्याशिवाय त्यांचा विषय संपत नाही.

वाटेत स्प्रिंगफील्डला थांबलो. अब्राहम लिंकनची समाधी इथे आहे. समाधीबाहेर त्याच्या चेहऱ्याचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे. येणारा प्रत्येक जण नशिबासाठी त्याचं नाक चोळतो, त्यामुळे बाकीचा चेहरा काळपट आणि नाक तेवढं सोन्यासारखं लख्ख. माझी लेक रेवा तेरा वर्षांची आहे, तिला सध्या सगळ्याचीच लाज वाटते. ती लांब उभी राहिली. ईशानला मी उचललं. आईने नाकाला हात लावून तोच हात कपाळाला लावला.

संध्याकाळी सेंट लुईसला पोचलो. हॉटेलचं नाव घेत नाही. पार्किंगचे रोजचे चाळीस डॉलर वेगळे पडतात ही गोष्ट त्यांनी बुकिंगच्या वेळी इतक्या बारीक अक्षरात लिहिली होती की ती थेट काउंटरवरच कळली. रागारागात बॅगा टाकल्या आणि सगळे नदीवर गेलो.

मिसिसिपी पाहून आई म्हणाली, "पुरातली भीमाच की ही." गढूळ, रुंद, आवाज न करता जाणारी. वर इड्स ब्रिज. १८७४ साली पूर्ण झालेला हा पोलाद वापरून बांधलेला पहिला मोठा पूल. त्या काळी लोकांचा पोलादावर भरवसा नव्हता. मग उद्घाटनाआधी पुलावरून एक हत्ती चालवत नेला. कच्च्या पुलावर हत्ती पाय ठेवत नाही अशी समजूत होती. हत्ती निमूट पलीकडे गेला आणि लोकांना धीर आला. ही गोष्ट बाबांना फार आवडली. "टेस्टिंग म्हणजे असं," ते म्हणाले. पुढचे तीन दिवस कुठलाही जिना, पूल किंवा लिफ्ट दिसली की ते ईशानला विचारायचे, "काय बे, हत्ती नेला होता का यावरनं?"

दुसरा दिवस : कमान, आणि छतावर टांगलेली बस

कमान म्हणजे नदीकाठची पोलादी गेटवे आर्च. तिच्या आतून ट्रामने वर जाता येतं. ट्रामची तिकिटं आधी ऑनलाइन काढून ठेवा. ऐनवेळी गेलात तर उन्हाळ्यात दुपारपर्यंत ताटकळावं लागेल. खालच्या संग्रहालयात जायला पैसे नाहीत, वर जायला आहेत. आत शिरताना विमानतळासारखी तपासणी असते. हे सगळं मी वाचून गेले होते. बाबांच्या खिशात अडकित्ता आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

यंत्र वाजलं. सुरक्षारक्षकाने पितळी अडकित्ता दोन बोटांत धरून वर केला. दुसरा आला. तिसरीला बोलावलं. तिघांनी मिळून तो उघडला, मिटला, परत उघडला. त्याच्या दोन्ही दांड्यांना मोराची तोंडं आहेत, माझ्या पणजोबांपासूनचा आहे तो. "हे काय करतं?" तिसरीने विचारलं. बाबांनी दुसऱ्या खिशातून सुपारीचं खांड काढून प्रात्यक्षिक द्यायची तयारी केली, तेवढ्यात मी मध्ये पडले. शेवटी सुपारी आत गेली, अडकित्ता गेला नाही. तो घेऊन मी उन्हातून दहा मिनिटं चालत गाडीपर्यंत गेले आणि धावत परत आले. आमच्या वेळेला सहा मिनिटं उरली होती.

वर जाण्याआधी शंभरच्या आसपास पायऱ्या चढ-उतार कराव्या लागतात, असं तिकिटाबरोबरच बजावलेलं असतं. आईने तिथेच बाक पकडला. "तुम्ही जा. मी खालचं बघते." रेवा तिच्याजवळ थांबली. मला वाटलं आजीसाठी, नंतर कळलं खाली वायफाय होतं.

आता ट्रामबद्दल. हिला ट्राम म्हणतात खरं, पण ट्रामशी तिचा काही संबंध नाही. कमानीचे पाय वाकडे, वर जाताना निमुळते होत जाणारे. त्यात सरळ लिफ्ट बसणार कशी? डिक बाउझर नावाच्या माणसाला हे कोडं सोडवायला दोन आठवडे दिले होते. कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस तो. त्याने लिफ्ट आणि आकाशपाळणा एकत्र केले. आठ पिंपांची एक माळ, प्रत्येक पिंपात पाच माणसं. दार जेमतेम चार फुटांचं, आत वाकून शिरायचं, गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. माळ वर चढायला लागली की दर थोड्या वेळाने प्रत्येक पिंप खट्‌कन फिरून स्वतःला सरळ करून घेतं. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये बसून डोंगर चढावा तसं. दाराच्या काचेतून आतला लोखंडी जिना सरकताना दिसतो. एका पायात अशा १,०७६ पायऱ्या आहेत, पण त्या आपल्यासाठी नाहीत.

चार मिनिटं बाबा काही बोलले नाहीत. प्रत्येक खट्‌ला त्यांची मान थोडी हलायची, गाण्याला दाद द्यावी तशी. वर उतरल्यावर सगळी माणसं खिडक्यांकडे धावली, बाबा ट्रामच्या माणसाकडे. "विचार त्याला, ओव्हरहॉलिंग किती महिन्यांनी?" मी विचारलं. बाबा सरकारी बसच्या वर्कशॉपमध्ये होते हेही सांगितलं. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. उत्तर काही दिलं नाही, पण दोघेही खूश दिसले.

वरच्या खिडक्या अगदीच चिंचोळ्या, सात इंच उंच. बाहेरच्या बाजूला कललेल्या भिंतीवर पोटावर रेलून खाली बघायचं. पूर्वेला नदी आणि इलिनॉय, पश्चिमेला जुन्या कोर्टाचा हिरवा घुमट. ६३० फूट उंच आणि पायांत अंतरही ६३० फूटच, पण डोळ्यांना ती उंचच जास्त वाटते. ईशानला एकच काळजी होती, वारा आला तर हलते का. हलते. जोरदार वाऱ्यात दीड फुटापर्यंत हलेल अशी धरूनच बांधली आहे.

खाली आलो तर आईने संग्रहालयातली निम्मी गोष्ट रेवाकडून वाचून घेतली होती आणि आम्हालाच सांगायला लागली. कमानीसाठी १९४७-४८ मध्ये स्पर्धा झाली. तिच्यात एरो सारिनेन होता आणि त्याचे वडील एलिएलही होते, दोघंही वास्तुकार. पहिल्या फेरीत निवड झाल्याची तार चुकून वडिलांच्या नावाने आली. घरात शॅम्पेन फुटली. काही वेळाने दुरुस्ती आली की निवड मुलाची आहे. "मग म्हाताऱ्याने दुसरी बाटली फोडली म्हणे," आई म्हणाली. मुलगा १९६१ साली गेला. कमान पूर्ण झाली २८ ऑक्टोबर १९६५ ला. त्याने ती पाहिलीच नाही. आईला एवढंच लागून राहिलं होतं.

बाबांना दुसरंच लागलं. शेवटचा तुकडा बसवायच्या दिवशी उन्हाने दक्षिणेकडचा पाय फुगला. दोन्ही टोकं जुळेनात, म्हणून आग विझवायचे पाइप लावून पायावर पाणी मारलं आणि तो थंड करून आकसवला. बाबांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "आम्ही उलटं करायचो," ते ईशानला म्हणाले. "बेअरिंग शाफ्टवर बसत नसलं की गरम तेलात टाकायचं. ते फुगतं, झटकन बसवायचं. गार झालं की शाफ्टला असं धरतं की तुझ्या बापाला निघत नाही." ईशानने बापाकडे बघितलं. समीर म्हणाला, "मान्य."

समोरचं जुनं कोर्ट नूतनीकरणानंतर मे २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे घाई करू नका. १८४६ साली ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट यांनी आम्हाला गुलामीतून मोकळं करा म्हणून इथे दावा लावला. १८५० मध्ये याच इमारतीत ते जिंकले. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि १८५७ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. पुढे चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं. बाहेर त्या दोघांचा हातात हात धरलेला पुतळा आहे, नजर कमानीकडे. रेवाने शाळेत हे वाचलं होतं, पण ते इथे घडलं हे तिला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच तिने फोन खिशात ठेवला.

दुपारी सिटी म्युझियम. नावावर जाऊ नका, यात म्युझियम म्हणावं असं फार थोडं आहे. एकेकाळी सेंट लुईस हे बुटांचं शहर होतं. "बुटांत पहिलं, दारूत पहिलं आणि बेसबॉलमध्ये शेवटचं" अशी म्हणच होती. त्या काळातल्या एका बूट कंपनीची दहा मजली वखार बॉब कॅसिली या शिल्पकाराने ताब्यात घेतली आणि शहरभरातलं भंगार आणून १९९७ मध्ये हे उघडलं. गुहा, तारांचे बोगदे, झाडाच्या पोकळ बुंध्यातून वर जाणाऱ्या वाटा, बाहेर हवेत लटकवलेली दोन विमानं. वरच्या मजल्यांवरून बूट खाली सोडायच्या नागमोडी पन्हाळी होत्या, त्यातून आता मुलं येतात. दहा मजली घसरगुंडी आहे! कुठेही "पालकांनी मुलांना आवरावे" अशी पाटी नाही. नकाशासुद्धा नाही. मुलगा एका भोकात शिरतो आणि दोन मजले वर छतातून हात हलवतो.

तिथल्या दुकानात गुडघ्यांना बांधायचे पॅड मिळतात. मला हसू आलं होतं. तारेच्या बोगद्यात मध्यावर माझी पँट अडकली, मागे सात मुलांची रांग लागली आणि त्यातला एक शांतपणे म्हणाला, "मॅडम, श्वास सोडा." तेव्हा हसू गेलं. पॅड घ्या.

छतावर चढलो आणि बाबा थबकले. कडेवरून एक पिवळी स्कूलबस अर्धी बाहेर काढून ठेवली आहे. पुढची चाकं हवेत, खाली दहा मजले. आपण आत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. बाबा आधी खाली वाकले आणि चासी कशी बांधली आहे ते पाहिलं. मग चढले. स्टिअरिंग धरलं, दाराचा दांडा ओढला, आरसा नसलेल्या जागी आरसा बघितला. मी फोटो काढत होते. ते ओरडले, "चला, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, पुणे!" मागच्या अमेरिकन पोरांना काही कळलं नाही, पण ती ओळीने सीटवर बसली.

आईला एवढं चढणं जमणारं नव्हतं. आम्ही खाली आलो तेव्हा ती सापडेना. शेवटी ती मिळाली बुटांच्या नाड्या विणणाऱ्या यंत्रांपाशी. तिथे शंभर वर्षांहून जुनी यंत्रं चालू ठेवली आहेत. चकत्यांवर उभी केलेली रिळं एकमेकींना ओलांडत गोल फिरतात आणि मधून विणलेली नाडी वर निघते. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सोलापूरच्या गिरणीत साच्यावर होते. तिचं लहानपण गिरणीच्या भोंग्यावर उठण्यात आणि जेवण्यात गेलं. भोंगे कधीच बंद झाले. ती यंत्राच्या कठड्याला धरून उभी होती, डोळे मिटून. "आवाज ऐक," म्हणाली. मी ऐकला. मला खडखडाट ऐकू आला. तिने भगवा आणि हिरवा धागा निवडून बाबांच्या बुटांसाठी एक जोड विणून घेतला.

रात्री टेड ड्रूज. रूट ६६ या जुन्या महामार्गावर, १९४१ पासून त्याच जागी फ्रोझन कस्टर्डची, म्हणजे एका प्रकारच्या घट्ट आइस्क्रीमची, खिडकी. काँक्रीट नावाचा प्रकार मागवायचा. तो इतका घट्ट असतो की देणारी मुलगी कप उलटा करून दाखवते आणि मगच हातात देते. आई दचकून मागे सरली. त्यात अंडं असतं. पण केकमधलं अंडं आई चालवून घेते, तो नियम इथे लावला.

तिसरा दिवस : जत्रेचं मैदान

फॉरेस्ट पार्क हे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षा मोठं, सुमारे १,३०० एकरांचं. त्यात प्राणिसंग्रहालय आहे, कलासंग्रहालय आहे, इतिहास संग्रहालय आहे, आणि तिन्हींना तिकीट नाही. आई दोनदा म्हणाली, "नीट विचार, बाहेर पडताना घेत असतील." घेत नाहीत. १९७१ मध्ये इथल्या लोकांनी मत देऊन स्वतःवर मालमत्ता कर लावून घेतला, तो या संस्थांना जातो. म्हणजे हा आपला पाहुणचार इथल्या घरमालकांच्या खिशातून झालेला. आम्ही पार्किंगचे दिले तेवढेच. हॉटेलवाल्याचा राग इथे थोडा निवला.

उत्तरेच्या बाजूने आत शिरलात तर मात्र जीव चरकतो. १६ मे २०२५ च्या टोर्नेडोने शहराचा एक पट्टा नांगरल्यासारखा उलटा केला. माणसं गेली, घरं गेली. पार्कात हजारो झाडं पडली. दोन महिन्यांनंतरही मोठमोठ्या ओकांची मुळं आभाळाकडे तोंड करून पडलेली होती आणि पलीकडच्या वस्तीत छपरांवर निळी ताडपत्री. आमच्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर असंच दिसत होतं, असं बाबा म्हणाले.

प्राणिसंग्रहालयावर मी फार लिहीत नाही. सकाळी नऊलाच जा, अकरानंतर प्राणीही सावलीत आणि माणसंही. मोठा पक्ष्यांचा पिंजरा १९०४ च्या जागतिक जत्रेसाठी बांधलेला, त्यातून आपण चालत जातो. १९९२ साली इथे जन्मलेल्या पहिल्या हत्तीचं नाव राजा ठेवलं होतं, हे कळल्यावर बाबांनी पुलाच्या हत्तीची गोष्ट ईशानला परत ऐकवली.

खरी मजा दुपारी आली, इतिहास संग्रहालयात. १९०४ मध्ये या सगळ्या पार्कात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. सुमारे दीड हजार इमारती, एखाद्या राजधानीसारखे महाल, कालवे, दिव्यांच्या माळा. आणि त्यातलं जवळजवळ सगळं प्लास्टर आणि तागाचं, सात महिन्यांनी पाडून टाकण्यासाठीच बांधलेलं. गणपतीच्या मांडवाचा महाल असतो तसं. तिथे त्या जत्रेची मोठी प्रतिकृती ठेवली आहे, तिच्याभोवती फिरताना तास गेला. उरलं काय? महालांपैकी टेकडीवरचं कलासंग्रहालय, तेवढं दगडाचं होतं.

हिंदुस्थानचाही मंडप होता, आग्र्याच्या इतमाद-उद-दौलाच्या मकबऱ्यासारखा, आणि तिथे चहा मिळायचा. उकाड्यात गरम चहा कोण पिणार, म्हणून चहाच्या प्रचाराला आलेल्या एका साहेबाने त्यात बर्फ टाकला आणि आइस टी जन्मला, असं इथे हौसेने सांगतात. जन्म त्याआधीचाच आहे. जत्रेने त्याला प्रसिद्धी दिली, एवढंच. पण आईने साहेबाला माफ केलं नाही. "चहात बर्फ. आणि ते आपल्या मंडपात."

याच जत्रेत फिलिपिन्समधून हजाराहून अधिक माणसं आणून, गावं वसवून, ती बघण्यासाठी मांडली होती. संग्रहालय हे लपवत नाही, उलट त्यावर थांबायला लावतं. सकाळी आपण पिंजऱ्यातून फिरून आलो आणि दुपारी हे वाचतो. रेवा म्हणाली, "आणि लोक तिकीट काढून बघत होते?" हो, म्हटलं.

रात्री म्युनी. उघड्या आभाळाखालचं, अकरा हजार खुर्च्यांचं नाट्यगृह, शंभरहून जास्त वर्षं चालू. मागच्या साधारण दीड हजार खुर्च्या प्रत्येक प्रयोगाला फुकट असतात, जो आधी येईल त्याच्या. आम्ही सहाला रांगेत उभे राहिलो. डबा बरोबर होताच. शेजारच्या आजीबाई पन्नास वर्षं याच रांगेतून येतात म्हणाल्या. त्यांनी आईला हातपंखा दिला, आईने त्यांना तिखटमिठाची पुरी. सव्वाआठला प्रयोग सुरू झाला. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना प्रचंड ओक आहेत, दृश्य बदललं तरी ते तसेच, आणि अंधार पडल्यावर त्यांच्याभोवती काजवे. संगीतिकेतलं इंग्रजी आईला फारसं कळलं नाही. "पण गळे तयार आहेत," ती म्हणाली. मध्यंतरात निघू या का विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसले.

चौथा दिवस : कानगोष्ट

सकाळी सामान भरून युनियन स्टेशन. १८९४ चं रेल्वे स्थानक, एकेकाळी देशातल्या सगळ्यात गजबजलेल्यांपैकी एक. आता गाड्या नाहीत, हॉटेल आहे, मागे मत्स्यालय आणि मोठा पाळणा. मुलांनी मत्स्यालयाचा हट्ट धरला, तिकिटांचे आकडे पाहून समीरने तो मोडून काढला. एक दिवस फुकट फिरल्यावर माणूस असा होतो.

मी तिथे एका कमानीसाठी गेले होते. दर्शनी दारापाशी, रंगीत काचेच्या मोठ्या खिडकीखाली, साधारण चाळीस फुटांची कमान आहे. एका टोकाला भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. सोलापूरच्या माणसाला हे नवीन नाही. शाळेची सहल म्हणजे विजापूर आणि विजापूर म्हणजे गोलघुमट. आई-बाबा दोघंही वेगवेगळ्या शाळांतून तिथे जाऊन ओरडून आलेले. "तिथं सात वेळा घुमतं," बाबांनी ईशानला बजावलं. "हे बघू किती."

आईला एका टोकाला उभं केलं, बाबा दुसऱ्या टोकाला गेले. मध्ये माणसं बॅगा ओढत जात होती. बाबांनी भिंतीला नाक लावलं. त्यांचे ओठ हलले, मला तीन फुटांवर काही ऐकू आलं नाही. पलीकडे आई एकदम हसली आणि भिंतीला काहीतरी उत्तर दिलं. बाबा परत बोलले. ती परत बोलली. असं दोन-तीन मिनिटं चाललं, मागे रांग जमली. शेवटी मी आईला विचारलं, काय म्हणाले?

"बीपीची गोळी घेतलीस का, विचारलं."

"एवढंच? मग हसलीस कशाला?"

"एवढंच," ती म्हणाली आणि पदर सारखा केला.

निघताना नदी ओलांडून इलिनॉयमध्ये आलो की पंधरा मिनिटांवर काहोकियाचे ढिगारे. परतीच्या वाटेवरच आहेत, सोडू नका. सुमारे हजार वर्षांपूर्वी इथे मूळ अमेरिकनांचं शहर होतं, दहा-वीस हजार वस्तीचं, मक्यावर जगणारं. त्यांनी टोपल्यांनी माती वाहून शंभरावर टेकड्या रचल्या. सगळ्यात मोठी मंक्स माउंड, शंभर फूट उंच, पायथा चौदा एकरांचा. चाक नाही, बैल नाही, घोडा नाही. नाव मात्र खूप नंतर जवळपास राहून गेलेल्या ख्रिस्ती साधूंचं पडलं. तिला स्वतःचे लोक काय म्हणत होते हे सांगायला कोणी उरलं नाही. १९८२ पासून हा जागतिक वारसा आहे. रस्त्याच्या पलीकडे परत तोच मका.

दीडशेच्या आसपास पायऱ्या, दोन टप्प्यांत. आई छत्री उघडून पहिल्या टप्प्यापर्यंत आली, हे मी लिहून ठेवते. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कोणाचा हात न धरता. तिथल्या गवतावर तिने बसकण मारली. बाबा, समीर आणि मुलं वर गेली. मी तिच्याजवळ थांबले. बाबांच्या बुटांच्या भगव्या-हिरव्या नाड्या लांबपर्यंत दिसत होत्या.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. वरून बाबा. "तिला दे." मी स्पीकर लावला.

"अगं, इथनं ती कमान दिसतीय. बारकी. दातकोरण्याएवढी."

"मला इथून तुम्ही दिसताय," आई म्हणाली. "टोपी घाला."

उतरल्यावर गाडीच्या सावलीत डबा उघडला. उरलेल्या दोन कडक भाकऱ्या, चटणी. बाबांनी डॅशबोर्डच्या खणातून अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि ईशानच्या हातात तो देऊन म्हणाले, "बोट मध्ये आणू नको. मोराच्या मानेला धर."